व्हॅन, जीप आणि एक कोरा रकाना

व्हॅनचं दार सरकवून मी आत डोकं घातलं आणि जोरात टाळी वाजवली.

“अजून दहा मिनिटं,” आतून आवाज आला.

मी किंचाळले नाही, असं माझं म्हणणं आहे. जुन्या गाड्यांच्या त्या आवाराचा मालक मात्र आजही शपथेवर सांगतो, की माझ्या किंकाळीनं त्याच्या हातातला चहा शर्टावर सांडला. आत चटईवर एक माणूस उताणा पडला होता. पायांत नुसते मोजे, हात पोटावर, डोळे मिटलेले... आणि चेहऱ्यावर असं समाधान, की गाडी विकायला ठेवलीय की भाड्यानं राहायला दिलीय, तेच मला कळेना.

“तुम्ही... झोपलाय इथे?”

“ऐकतोय.”

“काय?”

“गाडी. इंजिन तापवून बंद केलं की ती बोलायला लागते. कुठे सैल आहे, कुठे दुखतंय. तुम्ही टाळी वाजवेपर्यंत बरंच सांगत होती.” त्यानं एक डोळा उघडला. “टाळी कशाला?”

“आवाज घुमतो का, ते बघायला.”

“म्हणजे तुम्ही गाडी घ्यायला आलाय की गायला?”

चांगलं उत्तर मला नेहमी घरी पोचल्यावर सुचतं. तेवढ्यात मालक शर्ट झटकत आला. “ताई, घाबरू नका. हा आमचा शंकासुर. लोक गाडी घेण्याआधी याच्याकडून तपासून घेतात. चाळीस शंका काढतो आणि माझ्या धंद्याचं वाटोळं करतो. पण खोटं एक अक्षर लिहीत नाही, म्हणून सोसतो.”

शंकासुर उठून बसला. केस एका बाजूनं पार चपटे झाले होते. बुटांत पाय घालता घालता तो माझ्याकडे बघून हसला... आणि मी उगीचच शेजारच्या जीपचा आरसा नीट करायला लागले. आरसा नीटच होता.

आता माझं सांगते. मी कान तपासते. हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की समोरच्यानं हात वर करायचा, असं माझं काम. संस्थेनं पहिल्या तारखेपासून माझ्यावर डोंगराकडच्या शाळा सोपवल्या होत्या. अडतीस शाळा, एक वर्ष. गाडी संस्था घेणार होती, पण कोणती ते मी ठरवायचं होतं. आणि मी ठरवायचं म्हणजे आनंदच. आत्या म्हणते, मी जन्मायच्या आधीपासूनच तळ्यात-मळ्यात करते, म्हणून तर दहा दिवस उशिरा जन्मले.

त्या आवारात व्हॅन आणि जीप शेजारी शेजारी उभ्या होत्या. व्हॅन लांब आणि ऐसपैस. आतून जाड गादीच्या भिंती केल्या तर तपासणीची शांत खोली गाडीतच तयार. तिथेच झोपायचं, तिथेच चूल, एक शाळा झाली की पुढची. दोन-दोन महिने घराचं तोंड बघायचं नाही. जीप उंच, दणकट, दगडधोंड्यांतून बेधडक जाणारी. पण आत मी आणि माझं मशीन, बस्स. तपासणीला शाळेतच शांत खोली शोधायची आणि दर शुक्रवारी घरी परत यायचं. एकीत जागा होती पण चढाची भीती, दुसरीत चढाची भीती नव्हती पण जागा नव्हती. मी दोघींच्या मधे उभी राहून डोकं खाजवत होते.

“दोन्ही तपासून द्याल?” मी त्याला विचारलं.

“देईन. पण नुसती गाडी बघून सांगत नाही मी. माणूसही बघावा लागतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडी कुणाच्या हातात जाणार, कुठल्या गल्लीत उभी राहणार, कुणाला कुठे नेणार... दोन-तीन रविवार लागतील.”

दोन-तीन रविवार. मला वाटलं, फार झाले. मग वाटलं, तीनच?

पहिल्या रविवारी तो व्हॅन घेऊन आमच्या गल्लीत आला. गल्ली म्हणजे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी अशी. वर आमच्या घरी आत्या. तिनं तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. अजूनही कुणाच्या शेजारी बसली की तिचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत असतो. ती पुढच्या सीटवर चढून बसली आणि तिनं शंकासुराला फर्मावलं, “मागे घे. आरशात बघून. मान वळवायची नाही.”

त्यानं घेतली. भिंत आणि आरसा यांच्यात बोटभर अंतर राहिलं.

“बरा आहे,” आत्या म्हणाली. गाडीबद्दल बोलली की त्याच्याबद्दल, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या रविवारी जीप. आत्याला उंच पायरी चढवेना म्हणून त्यानं आमचीच बादली उपडी घालून तिला चढवलं. मग आम्ही नदीकाठच्या खडकाळ वाटेनं गेलो. व्हॅन जिथे पोट घासून कण्हली असती, तिथून जीप मजेत गेली. आत्या मागे “क्लच! क्लच!” असं पुटपुटत होती. काठावर उतरल्यावर त्यानं मागची सीट पाडली आणि मला म्हणाला, “झोपा.”

“काय?”

“झोपून बघा. मुक्काम करायचाय ना? उभ्यानं बघून कसं कळणार?”

मी झोपले. गुडघे हनुवटीला टेकले. तिरकी झोपले तर डोकं दाराबाहेर.

“नोंद करतो,” तो गंभीरपणे म्हणाला. “बाई मावत नाहीत.”

“बाई मावतात! जीप लहान आहे.”

“तसं लिहितो. जीपची चूक.”

आत्या नदीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते.

एवढ्या दिवसांत मला त्याच्याबद्दलही थोडं कळलं होतं. बारा वर्षं तो हेच काम करत होता आणि त्याची स्वतःची गाडी नव्हती. सायकलवर यायचा.

“एकही गाडी पसंत पडली नाही?” मी विचारलं.

“पडते. मग एखादी शंका येते.”

“आणि माणसांच्या बाबतीत?”

तो सायकलच्या कुलपाशी बराच वेळ खटपट करत राहिला. “माणसांचा अहवाल... मी लिहीत नाही,” तो म्हणाला. याचा अर्थ काय लावायचा? मी रात्रभर दोन अर्थ लावले. दोन्ही पटले.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघंच व्हॅन घेऊन तळ्याकाठी गेलो. खरोखरच्या मुक्कामासारखं सगळं करून बघायचं, असं ठरलं होतं. त्यानं स्टोव्ह पेटवला, मी चहा केला, तो त्यानं दोनदा मागून घेतला. मग ध्यानीमनी नसताना सर आली. आम्ही आत शिरलो, दार सरकवलं. टपाचा पत्रा असा तडतडायला लागला, की शेजारी बसूनही एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. “गादी लावल्यावर कमी होईल!” तो ओरडला. “काय?” मी ओरडले. त्यानं वाकून माझ्या कानाशी तेच सांगितलं. गादीबद्दल इतकं गोड कुणी बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

सर थांबल्यावर मी मशीन काढलं. गाडीत तपासणी जमते का, ते बघायला हवंच होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. त्याला हेडफोन लावले, डोळे मिटायला सांगितले. पहिला आवाज, हात वर. दुसरा, हात वर. मग मी काहीच आवाज सोडला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिले. पापण्यांवर पाण्याचा एक थेंब राहिला होता...

त्यानं हात वर केला.

“आवाज नव्हता,” मी म्हणाले.

“मला आला.”

“शक्यच नाही. मी काही सोडलंच नाही.”

“मग कसला होता?” डोळे न उघडता त्यानं विचारलं.

मी मशीनची वायर गुंडाळायला घेतली आणि ती इतकी गुंतवली, की सोडवायला दुसऱ्या दिवशी अर्धा तास गेला. परतताना तो रस्त्याकडे बघत होता. मधेच त्यानं विचारलं, “व्हॅन घेतली तर... घरी कधी कधी येणार?”

“दोन महिन्यांतून एकदा. कदाचित तीन.”

“आणि जीप घेतली तर दर शुक्रवारी.”

“हो.”

“हं,” तो म्हणाला. तेवढंच. आमचं वळण आलं तरी त्यानं गाडी सरळच नेली आणि मग मागे आणली.

दोन दिवसांनी अहवाल आले. त्याच्या सुवाच्य अक्षरात, दोन्ही गाड्यांचे चाळीस-चाळीस रकाने. शेवटचा रकाना त्याचा स्वतःचा, आवारात प्रसिद्ध असलेला. “हे माझं काम असतं, तर ही गाडी मी घेतली असती का?” तिथे तो होय किंवा नाही, फार तर पुढे दोन-तीन शब्द, एवढंच लिहायचा. बहुतेक वेळा नाही.

जीपच्या पुढे लिहिलं होतं, “होय, पण अडचण सोसून.”

व्हॅनच्या पुढे काहीच नव्हतं. रकाना कोरा.

मी कागद उलटा करून बघितला. उजेडात धरून बघितला. आमच्या कामात हात वर झाला नाही, तर त्याचा एकच अर्थ असतो. ऐकू आलं नाही. कोरं म्हणजे नाही. मालकाला फोन केला, तर तो हादरलाच. “कोरा सोडला? बारा वर्षांत कधी नाही सोडला हो! ताई, त्या गाडीत काहीतरी भयंकर असणार.”

शंकासुराला विचारायला हवं होतं. कुणीही विचारलं असतं. मी नाही विचारलं. का, ते मला तेव्हा कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. मी संस्थेच्या फॉर्मवर “जीप” असं लिहिलं आणि पाठवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटांत निर्णय घेतला. आत्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवारी दुपारी मी दवाखान्यात असताना आमच्या संस्थेच्या मॅडमचा फोन आला. “जीप घेतेस तर मग ज्या शाळांत शांत खोली नाही, त्या यादीतून काढाव्या लागतील. एका खोलीत चार वर्ग भरणाऱ्या. अकरा आहेत.” त्यांनी नावं वाचून दाखवली. मी लिहून घेतली. अकरा नावांचा तो कागद टेबलावर ठेवून मी पुढच्या पेशंटला हाक मारली, तर आत आला तो.

“कान दुखतायत?” मी विचारलं.

“जीप का घेतलीत?”

बाहेर बाकावर तीन आजोबा बसले होते. तिघांनाही कमी ऐकू येतं म्हणून ते आले होते, पण या वाक्याला तिघांनी माना वळवल्या. मी त्याला तपासणीच्या काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या खोलीत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आपलाच श्वास मोठा वाटायला लागतो. त्याचाही ऐकू येत होता.

“तुम्हीच रकाना कोरा सोडलात,” मी म्हणाले. “कोरा म्हणजे नाही.”

“असं कोण म्हणालं?”

“मग काय आहे त्या व्हॅनमध्ये? मालक म्हणतो, भयंकर काहीतरी आहे.”

“काही नाही. ती... ती मी बारा वर्षांत बघितलेली सगळ्यात निरोगी गाडी आहे. सावकाश चालवली तर चढही चढेल.” तो छोट्या स्टुलावर बसला आणि हातांकडे बघत बोलायला लागला. “होय लिहायला पेन टेकवलं. मग वाटलं, होय लिहिलं की ही जाणार. दोन-दोन महिने. नाही लिहिलं तर खोटं. तीन वेळा बसलो. शेवटी तसाच पाठवला. वाटलं, तुम्ही विचारायला याल. आलात की सांगेन. तुम्ही आलाच नाहीत.”

आनंद होता, राग होता, आणि कुठला कुठे संपतो ते समजत नव्हतं. मी बाहेर जाऊन तो कागद आणला आणि त्याच्या हातात दिला.

“या अकरा शाळा आहेत,” मी म्हणाले. “जीप घेतली म्हणून यादीतून निघाल्या. यांच्यात एखादा पोरगा असेल, मागच्या बाकावर बसलेला, मास्तर ज्याला ढ म्हणतात. तो ढ नसतो. त्याला ऐकूच येत नसतं. आणि मी तिथे जाणार नाही, कारण तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत!”

तो पांढरा पडला. “मला हे माहीत नव्हतं.”

“मला तरी कुठे...” मी म्हणाले आणि थांबले. कारण ते खरं नव्हतं. शाळा अकरा आहेत हे माहीत नव्हतं, पण काही शाळा सुटणार हे मला माहीत होतं. त्याच्यावर सगळं ढकलणं सोपं होतं. त्या खोलीत मात्र स्वतःचं खोटं फार स्पष्ट ऐकू येतं. “नाही. ऐका. मला विचारता आलं असतं. मी मुद्दाम नाही विचारलं. कोरा रकाना बघून मला... बरं वाटलं होतं. वाटलं, चला, आता दर शुक्रवारी परत येता येईल.”

“कशासाठी?” त्यानं विचारलं. शंकासुरच तो.

“तुमच्यासाठी! अजून कशासाठी? गल्लीतल्या स्कूटरी बघायला?”

काचेबाहेर तिन्ही आजोबा उभे राहून आत बघत होते. त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी तिघेही हसत होते.

मी तिथूनच मॅडमना फोन केला. त्या चिडल्या, मग म्हणाल्या, “जीपचे कागद उद्या सकाळीच पुढे जाणार आहेत. पाच वाजेपर्यंत व्हॅनचा अहवाल पाठव. पण पूर्ण हवा. मोकळी जागा दिसली तर मी घेणार नाही.”

साडेचार वाजले होते. अहवाल माझ्या टेबलाच्या खणातच होता. हो, खणातच. घरी का नव्हता, ते विचारू नका. मी तो त्याच्यासमोर ठेवला. पेन दिलं.

तो बघत राहिला. मला त्याक्षणी दोन्ही हवं होतं. त्यानं लिहावं, आणि त्याचा हात मोडावा.

“लिहिल्यावर तुम्ही जाणार,” तो म्हणाला.

“जाणार.”

“वर्षभर.”

“वर्षभर. पण तिकडे बस जाते. सहा तास लागतात, असं म्हणतात. ज्याच्याकडे गाडी नाही अशा माणसानं...” मी अहवालाचा कोपरा सरळ केला. “अशा माणसानं यायचं की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.”

“बस कितीची असते? थांबते कुठे? परतीची...” त्यानं सुरुवात केली आणि एकदम गप्प झाला. बाकीच्या सगळ्या शंका गिळून टाकताना मी त्याला बघितलं. मग त्यानं वाकून लिहिलं. होय. अक्षर नेहमीसारखं सुवाच्य नव्हतं.

पहिल्या तारखेला सकाळी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत गादीच्या भिंती, मशीन, माझं अंथरूण. तिला ती गल्ली काही मानवली नाही. उजवा आरसा आदल्याच दिवशी गेला होता, आणि नवा त्यानं पहाटे येऊन बसवला होता. आत्यानं मला शेवटच्या सूचना दिल्या, त्या एकूण सतरा होत्या. मग ती म्हणाली, “तुझ्या आतोबांना होकार देताना मी एवढा गोंधळ घातला नव्हता,” आणि डोळे पुसत आत निघून गेली.

तो खिडकीशी उभा होता. आम्ही दोघंही टायरबद्दल बोललो. मग पाण्याच्या कॅनबद्दल. मग मी त्याच्या बोटांवर हात ठेवला, त्यानं तो धरून ठेवला... आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

मी निघाले. पण गाडी अशी जड चालत होती, की जणू पुढे जावं की नको याचा तिलाही निर्णय होत नव्हता. आरशात बघितलं, तर तो पळत येत होता. हात हलवत, सगळ्या रस्त्यादेखत, जीव खाऊन पळत. थांबवतोय. आता हा “जाऊ नकोस” म्हणणार, आणि म्हणाला तर मी काय करणार आहे? देवा, मला खरंच माहीत नव्हतं. मी थांबले. काच खाली केली.

तो खिडकीला धरून धापा टाकत होता. चेहरा लालबुंद. श्वास पुरेना म्हणून त्यानं एक बोट वर केलं, थांब असं.

“बोल ना,” मी म्हणाले. माझे डोळे भरले होते.

“हँड... हँडब्रेक,” तो म्हणाला. “ओढलेलाच आहे.”

मी खाली बघितलं. होता. तीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या बाईची भाची मी. मला हसू फुटलं, रडूही फुटलं, आणि दोन्ही एकदम आवरेना.

त्यानं खिडकीतून हात आत घातला, माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ब्रेक खाली सोडला.

“आता जा,” तो म्हणाला.